जुना छोटा लॅपटॉप घरात नांदवायचा असेल तर

माझ्या टेबलावर एक थिंकपॅड एक्स२०० असतो. २००८ सालचं मॉडेल, १२.१ इंची पडदा, वजन दीड किलोच्या आसपास. त्याच्यावर मी एकच काम करतो. वडिलांनी लिहून ठेवलेल्या शेतीच्या वह्या टाइप करून काढतो. कुठल्या वावरात काय पेरलं, मृगाचा पाऊस कधी आला, बैलजोडी कितीला घेतली, कुणाचं किती देणं राहिलं. घरात याच्यापेक्षा कितीतरी वेगवान लॅपटॉप आहे, पण वही उघडली की हात या काळ्या डबीकडेच जातो.

असा एखादा छोटा, जुना लॅपटॉप आपल्याकडेही असावा असं वाटणारे बरेच जण भेटतात. त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात: कुठला घेऊ, घेताना काय बघू, घरी आणल्यावर आधी काय करू, आणि त्याच्यावर मराठी नीट चालतं का. त्याच क्रमाने सांगतो.

मशीनआधी काम ठरवा

पहिलीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. या लॅपटॉपवर तुम्ही नेमकं काय करणार, ते एका वाक्यात कागदावर लिहा. "सगळंच थोडं थोडं" असं उत्तर येत असेल तर अजून थांबा. सगळं काही करायला घेतलेला जुना लॅपटॉप महिन्याभरात कपाटावर जातो, कारण तेच सगळं तुमचा नवा लॅपटॉप किंवा फोन जास्त चांगलं करतो.

लिहिणं, टाइपिंग, हिशेब, प्रोग्रॅमिंग शिकणं, पुस्तकं वाचणं, गाणी ऐकणं, जुने खेळ खेळणं, घरातल्या दुसऱ्या संगणकाशी टर्मिनलमधून, म्हणजे फक्त अक्षरी आदेशांच्या खिडकीतून, बोलणं: ही कामं पंधरा-सतरा वर्षांपूर्वीचं मशीन आनंदाने करतं. व्हिडिओ कॉल, व्हिडिओ एडिटिंग आणि एकाच वेळी वीस टॅब उघडून बसणं त्याला झेपणार नाही. कितीही रॅम घातली तरी झेपणार नाही, कारण अडचण प्रोसेसर आणि ग्राफिक्सची आहे. हे आधीच मान्य केलं की पुढचा सगळा प्रवास सुखाचा होतो.

कोणतं घ्यावं

नवख्या माणसाला मी थिंकपॅडची एक्स मालिका सुचवतो. कारण अगदी व्यवहारी आहे. ही मशीन मुख्यतः कंपन्यांसाठी बनलेली, त्यामुळे स्क्रू काढून उघडता येतात. कोणता भाग कसा काढायचा हे सचित्र सांगणारं कंपनीचं दुरुस्ती पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. शिवाय सुटे भाग अजूनही सापडतात.

आणि कीबोर्ड. या लॅपटॉपांवर लोकांचा जीव का जडतो, याचं अर्धंअधिक उत्तर तिथे आहे. जुन्या थिंकपॅडचा कीबोर्ड सात ओळींचा असतो. होम, एंड, पेज अप, पेज डाउन, डिलीट यांना वरच्या उजव्या कोपऱ्यात स्वतःची जागा असते, फंक्शनची बटणं चार-चारच्या गटात असतात, त्यामुळे बोटं न बघता पोचतात. प्रत्येक बटण मधोमध किंचित खोलगट आणि दाबलं की पुरेसं खाली जाणारं. बारा इंची मशीनला रुंदी इतकी मिळते की मुख्य अक्षरांची बटणं पूर्ण आकाराची बसतात, आणि तरी सगळा लॅपटॉप शबनममध्ये मावतो. मधोमध जी, एच आणि बी या बटणांच्या बेचक्यात लाल टिकली असते, ट्रॅकपॉइंट म्हणतात तिला. तिच्यावर तर्जनी टेकवून हलकेच रेटलं की पडद्यावरचा बाण हलतो. पहिले दोन-तीन दिवस ती नकोशी वाटते. आठवड्याने मात्र टाइप करताना हात उचलावाच लागत नाही याची सवय होते आणि मग दुसरा लॅपटॉप वापरताना बोट आपोआप तिथे ती टिकली शोधायला लागतं.

हे प्रेम किती खोल आहे ते दोन गोष्टींवरून कळतं. लेनोवोने २०१७ साली थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त खास मॉडेल काढलं तेव्हा त्यात हाच सात ओळींचा कीबोर्ड परत आणला. आणि चीनमधल्या '५१एनबी' नावाच्या हौशी गटाने तर जुन्या एक्स६१ आणि एक्स२०० च्या सांगाड्यात बसतील असे नव्या प्रोसेसरचे मदरबोर्ड तयार करून विकले. बाहेरचं शरीर जुनंच हवं, म्हणून लोकांनी आतला मेंदू नवा बनवला.

आता निवड. तीनच नावं लक्षात ठेवा.

पहिल्यांदाच घेत असाल तर एक्स२२०. २०११ चं मॉडेल, १२.५ इंची पडदा, इंटेलच्या कोअर मालिकेची दुसरी पिढी. एक्स मालिकेत सात ओळींचा कीबोर्ड मिळालेलं हे शेवटचं मॉडेल. पुढच्या वर्षीच्या एक्स२३० ला सपाट, सुट्या बटणांचा कीबोर्ड आला. रॅम १६ जीबीपर्यंत चालते. काही एक्स२२० ना आयपीएस पडदा असतो, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फिरत नाहीत. तसा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

दुसरं एक्स२००, म्हणजे माझं. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, १२८० बाय ८०० चा पडदा. याला टचपॅड नाहीच, फक्त लाल टिकली. तिच्याशी जमणार नाही असं वाटत असेल तर हे घेऊ नका. याचं एक वैशिष्ट्य असं की याचं मूळ बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा आतला प्रोग्रॅम, काढून त्या जागी लिबरबूट नावाचा मुक्त प्रोग्रॅम बसवता येतो. संगणकाच्या पहिल्या सूचनेपासून सगळं स्वतःच्या ताब्यात हवं असणाऱ्यांसाठी हे मशीन मोलाचं आहे. पण ते काम पहिल्या महिन्यात करू नका.

तिसरं एक्स६१, २००७ चं. याचा पडदा १०२४ बाय ७६८, म्हणजे जुन्या टीव्हीसारखा चौकोनी. वाचायला आणि लिहायला हा आकार फार सुखाचा आहे. रॅम ४ जीबी धरून चला. त्याच्या आधीचं एक्स६० दिसायला जवळपास तसंच असतं, पण ते मुख्यतः जुन्या धाटणीच्या ३२ बिट प्रोसेसरसह आलं आणि ४ जीबी रॅम बसवली तरी सुमारे ३ जीबीच वापरता येते. घेताना खालचं लेबल वाचा, दोघांत गल्लत होते.

आणखी छोट्या मशीनची भूल पडणारच. असुसचं ईई पीसी ७०१ हे २००७ साली आलं आणि त्याने नेटबुकची, म्हणजे छोट्या, स्वस्त लॅपटॉपांची लाट आणली: सात इंची पडदा, वजन किलोच्या आत, ४ जीबीची साठवण, आणि ९०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर मुद्दाम ६३० वर चालवलेला. तोशिबाचं लिब्रेटो त्याहूनही छोटं. १९९६ च्या पहिल्या मॉडेलचा पडदा ६.१ इंच आणि वजन ८४० ग्रॅम. थिंकपॅड आयबीएमकडे होते तेव्हाच्या, १९९५ च्या थिंकपॅड ७०१ चं झाकण उघडलं की कीबोर्डचे दोन तुकडे सरकून एकमेकांत बसतात आणि मशीनपेक्षा रुंद होतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतलं आहे. सायनचं सिरीज ५ तर दोन पेन्सिल सेलवर चालतं. ही सगळी मशीन मला अतिशय प्रिय आहेत. पण थिंकपॅड ७०१ चा रबरी लेप वयाने चिकट होतो, सायनच्या पडद्याची पट्टीसारखी केबल उघडझाप करून तुटते, लिब्रेटोचे भाग मिळवणं हेच एक काम होऊन बसतं. आधी एक मशीन स्वतः उघडून, साफ करून, वर्षभर वापरून बघा. मग यांच्याकडे वळा.

दुकानात: पंधरा मिनिटं आणि एक पेन ड्राइव्ह

मुंबईत लॅमिंग्टन रोड, तुमच्या शहरात जुने लॅपटॉप विकणारी जी गल्ली असेल ती, किंवा ओळखीतल्या कुणाच्या ऑफिसमधला पडून राहिलेला माल. कुठूनही घ्या, पण मशीन चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम. तिची लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट चालणारी, आवृत्ती टाकलेला पेन ड्राइव्ह घरून निघताना बरोबर ठेवा.

चालू केल्या केल्या थिंकपॅड ही अक्षरं आली की एफ१ दाबा. सरळ बायोसचा निळा-करडा पडदा उघडला तर पुढे जा. पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो माहीत नसेल तर मशीन परत ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी. याला सुपरवायझर पासवर्ड म्हणतात. तो मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो, त्यामुळे आतला छोटा सेल काढून तो पुसला जात नाही. कंपनीच्या दुरुस्ती पुस्तकातला अधिकृत उपाय एकच आहे: मदरबोर्ड बदला. मी माझं पहिलं मशीन संध्याकाळी घाईत घेतलं, विंडोज उघडतंय एवढंच बघितलं, आणि घरी येऊन पेन ड्राइव्हवरून सुरू करायला गेलो तेव्हा हा पासवर्ड समोर आला. ते मशीन आज सुट्या भागांसाठी ठेवलेलं आहे. त्या दिवसापासून एफ१ आधी, बाकी सगळं नंतर.

मग एफ१२ दाबून पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. ते सुरू होईपर्यंत पंख्याजवळ कान न्या. घरघर किंवा खडखड येत असेल तर पंखा बदलावा लागेल, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. 'फॅन एरर' असा संदेश देऊन मशीन थांबलं तर पंखा मेलेलाच आहे.

पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. एक्स६१ आणि बहुतेक एक्स२०० च्या पडद्यामागे बारीक नळीचा दिवा असतो. नळी म्हातारी झाली की सुरू होताना पडदा लालसर दिसतो आणि पूर्ण उजेड यायला वेळ लागतो. थोडा लालसरपणा चालेल, पण पाच मिनिटांनीही पान पिवळं, अंधारं दिसत असेल तर सोडा. एक्स२२० ला एलईडी असल्याने हा प्रश्न नाही; तिथे डाग आणि उभ्या रेघा तेवढ्या बघा.

एखादी टाइपिंगची खिडकी उघडून प्रत्येक बटण दाबा. खरंच प्रत्येक. लाल टिकलीने बाण चारी दिशांना फिरवा. बाण मधेच आपोआप सरकायला लागला तर घाबरू नका, बोट उचलून दोन-चार सेकंद थांबा. टिकली स्वतःला सावरून घेते. सारखंच होत असेल तर कीबोर्ड बदलावा लागतो.

झाकण अर्ध्यावर सोडून बघा, खाली पडता कामा नये. चार्जरची पिन हलकेच हलवून बघा, चार्जिंगचा दिवा लुकलुकता कामा नये. यूएसबीची सगळी तोंडं, आवाज, वायफाय तपासा. शेवटी मशीन पालथं घालून स्क्रूंची डोकी बघा. गंज चढला असेल तर ते दमट हवेत वर्षानुवर्षं पडून होतं किंवा त्याच्यावर कधीतरी काही सांडलेलं आहे. कोकणात आणि मुंबईत हे फार बघायला मिळतं.

बॅटरीबद्दल एकच सांगतो: ती संपलेली आहे असं समजूनच किंमत ठरवा. चांगली निघाली तर तुमचं नशीब.

घरी आल्यावर: उघडा

पुष्कळ जण इथे कचरतात. मशीन चालू आहे, कशाला उघडायचं? पण ज्याला तुम्ही कधी आतून बघितलं नाही त्याच्यावर विसंबून काम करता येत नाही. शिवाय इतक्या वर्षांची धूळ आत असतेच.

लागतं फारसं काही नाही. चांगल्या पोलादाचा छोटा फुलीचा पेचकस (स्वस्त पेचकसाने स्क्रूची डोकी झिजतात, मग कुणालाच ते निघत नाहीत), मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणाऱ्या थर्मल पेस्टची छोटी नळी आणि एक पांढरा कागद. पुण्यात असाल तर हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास एका फेरीत मिळतं.

चार्जर काढा, बॅटरी काढा, मगच पेचकस हातात घ्या. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच जागी चिकटपट्टीने लावा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते; लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो बोर्डात घुसतो. कीबोर्ड धरणाऱ्या स्क्रूंजवळ पाठीवर छोटी खूण कोरलेली असते. ते काढून कीबोर्ड पडद्याच्या दिशेने किंचित सरकवला की पुढची कड वर येते. एकदम उपसू नका, खाली चपटी केबल जोडलेली आहे.

पहिल्या खेपेला एवढंच करा: धूळ काढा, कीबोर्ड साफ करा, रॅम आणि डिस्क बदला, घड्याळाचा सेल बघा. दर वेळी तारीख मागे जात असेल तर हा सेल संपला आहे. तो साधा सीआर२०३२ च असतो, फक्त त्याला दोन तारा आणि छोटा जोड लावलेला असतो. तारा जोडलेलाच विकत घ्या, घरी सेलवर सोल्डरिंग करू नका. पंखा आणि थर्मल पेस्टसाठी जास्त खोलात जावं लागतं, ते दुसऱ्या खेपेला. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

डिस्क बदलणं हा सगळ्यात मोठा फरक. फिरती हार्ड डिस्क काढून फिरता भाग नसलेली साधी २.५ इंची साटा एसएसडी बसवली की तेच मशीन ओळखू येत नाही. लेखनासाठी १२० जीबी भरपूर झाली. आजच्या एसएसडी ७ मिलिमीटर जाडीच्या असतात. एक्स२२० ला हीच जाडी लागते. तिथे जुनी ९.५ मिलिमीटरची डिस्क बसतच नाही. एक्स२०० मध्ये उलट थोडी जागा उरते, तेव्हा रबरी पट्ट्या जुन्या डिस्कवरून काढून नव्या डिस्कला लावायला विसरू नका, नाहीतर ती आत हलत राहते.

रॅमबद्दल एक बारीक पण महाग पडणारी गोष्ट. एक्स२०० मध्ये ४ जीबीच्या दोन पट्ट्या घालून ८ जीबी करता येते, पण पट्टी जुन्या धाटणीची, दोन्ही बाजू मिळून १६ चिपांची हवी. एकाच बाजूला आठ चिपा असलेली नवी पट्टी बसते, पण चालत नाही. दुकानात पट्टी हातात घेऊन दोन्ही बाजू मोजा.

वायफाय कार्ड बदलण्याची इच्छा झाली तर आधी हे वाचा: एक्स२०० आणि एक्स२२० चं मूळ बायोस फक्त त्याच्या यादीतली कार्डंच स्वीकारतं. यादीबाहेरचं बसवलं की १८०२ हा आकडा दाखवून मशीन सुरूच होत नाही. घाबरायचं कारण नाही, जुनं कार्ड परत लावलं की झालं. वेग हवाच असेल तर छोटा यूएसबी वायफाय लावणं सोपं.

सिस्टिम

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनसाठी नाही. एक्स२०० वर तर ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या सुरूही होत नाहीत, कारण त्यांना लागणाऱ्या काही सूचना कोअर टू ड्युओला येतच नाहीत. तेव्हा लिनक्स.

एक्स६१, एक्स२००, एक्स२२० तिन्ही ६४ बिट आहेत. डेबियन हा लिनक्सचा प्रकार टाका, सोबत एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घ्या. माझं एवढ्यावर वर्षानुवर्षं चाललं आहे. एक्स६० किंवा पहिल्या नेटबुकसारखं ३२ बिट मशीन असेल तर निवड आकसते: डेबियन १३ पासून ३२ बिट पीसीसाठीचं इंस्टॉलर बंद झालं, डेबियन १२ वर आधारलेलं अँटिक्स मात्र अजून चालतं आणि अगदी कमी रॅममध्ये चालतं.

जुन्या खेळांसाठी कुणाला विंडोज एक्सपी हवं असेल तर जरूर ठेवा, पण ते मशीन इंटरनेटला जोडू नका. त्याचा आधार २०१४ साली संपला आहे.

मराठी नीट दिसायला आणि लिहायला

हा भाग मला इतरत्र कुठे लिहिलेला सापडला नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

देवनागरीला ओळ उंच लागते. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजीला जिथे वीस पिक्सेलची ओळ पुरते तिथे आपल्याला निवांत वाचायला तीसच्या आसपास हवी. आता हिशेब करा. वरच्या-खालच्या पट्ट्यांना ऐंशी पिक्सेल गेले असं धरलं तर एक्स२०० च्या ८०० पिक्सेल उंचीत चोवीस ओळी मावतात, एक्स२२० आणि एक्स६१ च्या ७६८ मध्ये बावीस-तेवीस. ईई पीसी ७०१ च्या ४८० मध्ये जेमतेम तेरा. वहीचं एक पान डोळ्यांसमोर धरून लिहिणाऱ्याला तेरा ओळी अपुऱ्या पडतात. सात इंची मशीनवर मराठी लेखनाचा बेत करणाऱ्यांनी हे घेण्याआधी लक्षात घ्यावं. पडद्याच्या कर्णाच्या इंचांपेक्षा उभ्या पिक्सेलचा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

फाँट नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित टाका. दोन्ही फुकट आहेत आणि डेबियनच्या भांडारातच मिळतात. सुबक सेरिफ फाँट कागदावर देखणा दिसतो, पण या पडद्यांवर बारीक रेघा पुसट होतात आणि 'ध' आणि 'घ' मधला फरक शोधावा लागतो. अक्षर एक माप मोठं ठेवा.

टाइपिंगसाठी इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्डचा आराखडा शिका. लिनक्समध्ये हा आराखडा कीबोर्डच्या सेटिंगमध्येच असतो, त्यासाठी मागे वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. कमी रॅमच्या मशीनवर ही मोठी सोय आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला, त्यामुळे 'का', 'ती', 'शेती' असे शब्द दोन्ही हातांच्या ठेक्यात निघतात. र जे या बटणावर, आणि शिफ्ट धरून तेच दाबलं की 'शेतकऱ्याला', 'वाऱ्यावर' यांतला ऱ मिळतो, मग हलन्त आणि य. ल एन या बटणावर, शिफ्टसह ळ. तीन आठवडे रोज अर्धा तास दिला की नजर बटणांवरून उठते. इंग्रजी-मराठी अदलाबदल कॅप्स लॉकवर नेमून द्या; नाहीतरी ते बटण कुणी वापरत नाही.

लेखन टर्मिनलमधल्या संपादकात करू नका. इंग्रजीसाठी ते उत्तम, पण बहुतेक टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. माउसपॅडसारखा साधा खिडकीतला संपादक किंवा लिब्रेऑफिस रायटर वापरा.

इंटरनेट

फायरफॉक्स, त्याला जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, आणि एका वेळी चार-पाच टॅब. एवढी शिस्त पाळली तर वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार, विकिपीडिया सगळं चालतं. यूट्यूब अडखळतं त्याचं कारण असं की ते व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतींनी पाठवतं आणि ते उलगडण्याची सोय या जुन्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४ पद्धतीचाच व्हिडिओ मागणारं एक छोटं एक्स्टेन्शन मिळतं. ते लावून ७२० वर ठेवलं की एक्स२२० निवांत चालतो, एक्स२०० वर पंखा थोडा बोलतो.

वीज, बॅटरी आणि पावसाळा

एक्स६० पासून एक्स२२० पर्यंत सगळ्यांना २० व्होल्टचा गोल पिनचा चार्जर लागतो. त्याआधीच्या एक्स४० सारख्यांना १६ व्होल्टचा. पिना वेगळ्या असतात, पिन बदलून जोडण्याचा प्रयोग करू नका. तुमच्याकडे २० व्होल्ट देणारा ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर असेल तर त्याला गोल पिनचं रूपांतर करणारी केबल मिळते. प्रवासात एक ओझं कमी होतं.

बदलीची बॅटरी घेतल्यावर लिनक्समध्ये तिची मूळ क्षमता आणि आजची क्षमता हे दोन आकडे बघा, पहिल्याच दिवशी. तफावत मोठी असेल तर लगेच परत करा. एक्स२२० वर टीएलपी हा प्रोग्रॅम टाकून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं. टेबलावरच वापरणाऱ्यांची बॅटरी त्याने जास्त टिकते. जुनी बॅटरी फोडून आतले सेल बदलण्याचे व्हिडिओ बघून कुणी तसं करू नये. लिथियमचा सेल पेटला की आवरत नाही. फुगलेली बॅटरी ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत नको.

वीज गेली तर झाकणाच्या वरच्या काठाला एक छोटा दिवा आहे हे विसरू नका. एफएन आणि पेज अप एकत्र दाबलं की तो कीबोर्डवर, आणि पुढ्यात ठेवलेल्या वहीवरही, मंद उजेड टाकतो.

पावसाळ्यात मशीन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा. आठवड्यातून एकदा तासभर चालू करा, म्हणजे आतल्या उबेने दमटपणा निघून जातो आणि पंखाही आखडत नाही. माझा हा तास रविवारी सकाळी असतो. तेवढ्यात वहीची दोन पानं होतात. सध्या १९८६ चा आषाढ चालू आहे.